नेटवर्क-निरीक्षण प्रणालींच्या वेब-पृष्ठांची मंदगती : एक कारणमीमांसा

प्रस्तावना :

नेटवर्क-निरीक्षण प्रणाली म्हणजे संस्थेतील स्विच, राउटर, सर्व्हर इत्यादी उपकरणांना ठरावीक अंतराने प्रश्न विचारणारी, आलेली उत्तरे साठवणारी आणि ती वेब-पृष्ठावर आलेखांच्या व इशाऱ्यांच्या रूपाने दाखवणारी संगणकप्रणाली होय. एमआरटीजी, नागिऑस, कॅक्टाय, झॅबिक्स ही त्यांतील परिचित नावे. या प्रणाली मुक्त स्रोत असल्यामुळे परवान्याचा खर्च पडत नाही आणि म्हणूनच शिक्षणसंस्थांमध्ये त्यांचा प्रसार झाला. प्रवेशप्रक्रिया, परीक्षा अर्ज, ग्रंथालयाची देवघेव, एवढेच नव्हे तर अनेक ठिकाणी विद्यापीठाकडून परीक्षेच्या सकाळी येणारी प्रश्नपत्रिकासुद्धा आता नेटवर्कवरूनच येते. अशा वेळी कोणता दुवा तुटला आहे हे दोन मिनिटांत कळणे आणि अर्ध्या तासाने कळणे यांत मोठे अंतर आहे.

या प्रणालींविषयी एक तक्रार मात्र सार्वत्रिक आहे. बसवल्यानंतर पहिले काही महिने पृष्ठे झटपट उघडतात. पुढे त्यांना पाच, दहा, तीस सेकंद लागू लागतात. सर्व्हर जुना झाला, मेमरी कमी पडते, इंटरनेट संथ आहे, असे निदान बहुधा अंदाजाने केले जाते आणि त्यानुसार खरेदीचा प्रस्ताव तयार होतो. नवा सर्व्हर आल्यावर काही महिने बरे जातात आणि मग पुन्हा तोच अनुभव येतो. याहून गंभीर बाब अशी की, हे पृष्ठ सर्वांत संथ होते ते नेटवर्क बिघडलेले असताना, म्हणजे त्याची गरज सर्वाधिक असते नेमक्या त्याच वेळी. हा योगायोग नव्हे. उपकरणाकडून आलेला कच्चा आकडा आणि पडद्यावर दिसणारा आलेख यांच्या दरम्यान बरेच श्रम दडलेले असतात. ते श्रम कोणी करावयाचे आणि केव्हा करावयाचे, आकडा लिहिताना की पृष्ठ पाहताना, या प्रश्नाला त्या त्या प्रणालीने जे उत्तर दिले आहे, त्यातच तिच्या मंदगतीचे मूळ असते.

किती विलंब हा विलंब मानावा?

मंदगती ही सापेक्ष गोष्ट असल्याने प्रथम तिचे माप ठरवणे इष्ट. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये संगणकाच्या प्रतिसादकालाची मांडणी केली आणि जेकब नील्सन यांनी १९९३ मधील आपल्या ग्रंथात तीच सूत्रे तीन मर्यादांच्या रूपाने सांगितली. ०.१ सेकंदात प्रतिसाद मिळाला तर तो तात्काळ वाटतो. १ सेकंदापर्यंत विचारांचा ओघ तुटत नाही. १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे वळते. बिघाड शोधणारी व्यक्ती एका पृष्ठावरून दुसऱ्यावर, तेथून तिसऱ्यावर जात असते. दहा पृष्ठे पाहावी लागली आणि प्रत्येकास पंधरा सेकंद लागले, तर अडीच मिनिटे नुसत्या प्रतीक्षेत जातात. प्रत्यक्षात मात्र तसे घडत नाही. तिसऱ्या पृष्ठानंतर ती व्यक्ती उठून स्विचच्या खोलीकडे चालू लागते. प्रणाली असून नसल्यासारखी होते ती अशी.

एमआरटीजी : न मागता काढलेले आलेख

या विषयाचा आरंभ एका शिक्षणसंस्थेतच झाला आहे. इंग्लंडमधील लेस्टर येथील डी माँटफर्ट विद्यापीठात काम करीत असताना टोबियास ओटिकर यांनी १९९४ मध्ये बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या ६४ किलोबिट क्षमतेच्या वाहिनीवरील वाहतूक दाखवणारा एक छोटा कार्यक्रम पर्ल भाषेत लिहिला. १९९५ मध्ये तो एमआरटीजी या नावाने प्रसृत झाला. त्याची रीत सरळ होती. दर पाच मिनिटांनी राउटरला विचारावे, उत्तर नोंदवावे आणि दिवस, आठवडा, महिना व वर्ष यांच्या आलेखांची चित्रे अद्ययावत करून ठेवावीत. पाहणाऱ्याला तयार चित्र मिळत असल्यामुळे पृष्ठ उघडण्यास वेळ लागत नसे.

येथे एक तांत्रिक मुद्दा लक्षात घेणे अगत्याचे आहे. १९८८ पासून प्रमाणित झालेल्या एसएनएमपी या संकेतानुसार उपकरण साधारणतः वेग सांगत नाही. आजवर किती बाइट्स गेले याचा वाढत जाणारा आकडा सांगते. विजेच्या मीटरप्रमाणे मागील वाचन वजा करून, मधल्या वेळाने भागून, वेग काढावा लागतो. एका पोर्टसाठी हे किरकोळ आहे. शेकडो पोर्टांसाठी दर पाच मिनिटांनी हिशेब करणे व चित्रे काढणे हे मात्र किरकोळ राहत नाही. डेव्ह रँड यांनी त्यांतील जड भाग सी भाषेत लिहून दिल्यावर वेग पुष्कळ वाढला, तरी मूळ अडचण उरलीच. दिवसभरात कोणी ढुंकूनही न पाहिलेले हजारो आलेख पुनःपुन्हा काढले जात होते.

ओटिकर यांनी १९९९ मध्ये आणलेल्या आरआरडीटूल या साधनाने हा क्रम उलटा केला. आकडे तेवढे लिहून ठेवावयाचे आणि आलेख कोणी मागेल तेव्हाच काढावयाचा. शिवाय फाइलचा आकार आरंभीच कायम केला. कॅक्टायच्या जुन्या आवृत्त्यांमधील मूळ योजना पाहिल्यास हे स्पष्ट होते. पाच मिनिटांच्या ६०० नोंदी, अर्ध्या तासाच्या ७००, दोन तासांच्या ७७५ आणि एका दिवसाच्या ७९७, अशा एकूण २,८७२ नोंदींची जागा राखलेली असते. ती भरली की सर्वांत जुन्या नोंदीवर नवी लिहिली जाते. येणारी व जाणारी वाहतूक, तसेच प्रत्येकीची सरासरी व कमाल मूल्ये, अशा चार मालिका आणि प्रत्येक मूल्यास ८ बाइट्स धरल्यास ही फाइल सुमारे ९२ हजार बाइट्सची होते, आणि दोन वर्षांनंतरही तेवढीच राहते. काळाबरोबर पृष्ठ संथ होत जाण्याचा एक मार्ग यामुळे बंद झाला.

लेखणी एक, वही एक

दुसरा मार्ग मात्र उघडाच होता. आरआरडी फाइलमध्ये एक आकडा नोंदवावयाचा म्हणजे फाइल उघडणे, तिचे शीर्ष वाचणे, योग्य जागी लिहिणे, शीर्ष पुन्हा लिहिणे आणि फाइल मिटणे. लिहावयाचा मजकूर अवघा काही बाइट्सचा. पण हजारो फाइली डिस्कवर इतस्ततः पसरलेल्या असल्याने वाचन-लेखनाच्या शीर्षाला प्रत्येक वेळी नव्या जागी जावे लागते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला अर्ध्या फेऱ्यास ४ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. शीर्ष सरकण्याचे ८ ते ९ मिलिसेकंद त्यात मिळवले, तर सेकंदाला सुमारे ८० उड्या एवढीच तिची कुवत ठरते. दहा हजार फाइली पाच मिनिटांत अद्ययावत करावयाच्या तर सेकंदाला ३३ फाइली आल्या आणि प्रत्येकीस दोन-तीन उड्या. म्हणजे डिस्कची सारी शक्ती लिहिण्यातच संपली. अशा वेळी एखाद्याने आलेख मागितला की ती मागणी त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहते.

महाविद्यालयाच्या कार्यालयात एकच लिपिक आवक-जावक नोंदवही लिहीत आहे आणि त्याच वहीतून गेल्या वर्षीच्या पत्रांची यादीही काढून मागितली जात आहे, अशी कल्पना केल्यास हे समजण्यास सोपे जावे. लिपिक मंद नसतो. वही एक असते, हात एक असतो आणि कामे दोन परस्परविरोधी प्रकारची असतात. निरीक्षण-प्रणालीत लिहिणे अखंड व बारीक असते, वाचणे क्वचित पण प्रचंड असते. एकाला सोयीची असणारी मांडणी दुसऱ्याला गैरसोयीची ठरते.

आरआरडीटूलच्या १.४ या २००९ मधील आवृत्तीबरोबर आलेल्या आरआरडीकॅश्ड या सेवेने यावर शोधलेला तोडगा सुबक म्हणावा असा आहे. आकडे प्रथम मेमरीत साठवावेत, एका फाइलचे अनेक आकडे जमले की ते एकदम लिहावेत. कोणी आलेख मागितला तर त्या आलेखापुरतीच फाइल आधी अद्ययावत करून घ्यावी. लिहिणाऱ्याचे श्रम अनेक पटींनी घटतात आणि पाहणाऱ्याला जुना आकडाही दिसत नाही. घूर्णनविरहित एसएसडी डिस्क स्वस्त झाल्यावर या अडचणीची धार बरीच बोथट झाली आहे हे खरे. तथापि अनेक संस्थांत अशी प्रणाली टाकून दिलेल्या जुन्या संगणकावरच बसवली जाते, हेही तितकेच खरे.

नागिऑस : प्रत्येक वाचकासाठी संपूर्ण वाचन

ईथन गॅल्स्टाड यांनी १९९९ मध्ये नेटसेंट या नावाने आणलेली आणि २००२ पासून नागिऑस म्हणून ओळखली जाणारी प्रणाली आलेखांपेक्षा अवस्थेवर भर देते. उपकरण चालू आहे की बंद, सेवा सुरळीत आहे की नाही, हे ती सांगते. तिचा गाभा सर्व अवस्था मेमरीत बाळगतो आणि नमुना-रचनेनुसार दर १० सेकंदांनी त्या एका मजकूर-फाइलमध्ये उतरवतो. वेब-पृष्ठ तयार करणारे कार्यक्रम गाभ्याशी थेट बोलत नाहीत. एखादे पृष्ठ मागितले की नवा कार्यक्रम सुरू होतो, ती फाइल आणि उपकरणांच्या व्याख्यांची दुसरी फाइल आरंभापासून अखेरपर्यंत वाचतो, हवे तेवढे निवडतो, पृष्ठ पाठवतो आणि वाचलेले सर्व विसरून संपतो. एकाच यंत्राची अवस्था पाहावयाची असली तरी हे चुकत नाही.

पन्नास यंत्रांच्या संस्थेत याने काही बिघडत नाही. हजारो सेवा असतील तर फाइल काही मेगाबाइट्सची होते आणि दहा जणांनी पृष्ठ उघडून ठेवले असेल तर तितक्यांदा ती स्वतंत्रपणे वाचली जाते. पृष्ठ आपोआप ताजे होण्याचा मूळ कालावधी ९० सेकंदांचा असतो, त्यामुळे कोणी पडद्याकडे पाहत नसले तरी वाचन चालूच राहते. ही फाइल डिस्कऐवजी मेमरीतील आभासी डिस्कवर ठेवणे हा जुना व उपयुक्त उपाय. त्याहून मूलगामी उपाय मथियास केटनर यांच्या लाइव्हस्टेटस या जोडभागाने केला. तो गाभ्याच्या आत राहून मेमरीतील अवस्था थेट सांगतो, मधली फाइल लागतच नाही.

डेटाबेसचा भार : झॅबिक्सचे उदाहरण

अलेक्सेई व्लादिशेव यांनी लॅटव्हियात विकसित केलेली आणि २००१ मध्ये मुक्त परवान्याखाली प्रसृत झालेली झॅबिक्स ही प्रणाली आकडे फाइलींऐवजी मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसक्यूएल यांसारख्या डेटाबेसमध्ये ठेवते. शोध, तुलना, वाटेल त्या काळाचा आलेख, हे सर्व त्यामुळे शक्य होते. त्याची किंमत किती, हे एका साध्या गणिताने पाहता येईल.

एका संस्थेत २४ पोर्टांचे ४० स्विच आहेत असे समजू. एकूण ९६० पोर्ट. प्रत्येकाच्या आठ बाबी, म्हणजे येणारे व जाणारे बाइट्स, त्रुटी, टाकून दिलेली पाकिटे, अवस्था इत्यादी, नोंदवावयाच्या ठरवल्या तर ७,६८० बाबी झाल्या. दर मिनिटाला त्या विचारल्यास सेकंदाला १२८ मूल्ये जमा होतात. हा आकडा निरुपद्रवी वाटतो. परंतु दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत त्यांच्या १,१०,५९,२०० ओळी होतात. झॅबिक्सच्या माहितीपत्रकात एका मूल्यास ढोबळमानाने ९० बाइट्स धरले आहेत. त्या हिशेबाने रोज जवळजवळ १ गिगाबाइट. मूल्ये जपण्याची मूळ मुदत अनेक आवृत्त्यांत ९० दिवसांची होती. तेवढ्या काळात सुमारे ९९ कोटी ५३ लाख ओळी आणि ९० गिगाबाइट्सचे तक्ते तयार होतात. मायएसक्यूएलचा मेमरीतील साठा मात्र मूळ रचनेत १२८ मेगाबाइट्सचा असतो आणि तो वाढवण्याचे अनेकदा राहून जाते. पहिल्या आठवड्यात झटपट उघडणारे पृष्ठ तिसऱ्या महिन्यात का रखडते, याचे उत्तर या दोन आकड्यांच्या तफावतीत आहे. तक्ता वाढत गेला, मेमरीत मावेनासा झाला, आणि प्रत्येक आलेखासाठी डिस्ककडे जावे लागू लागले.

आणखी एक काम पडद्यामागे चालते. मुदत संपलेल्या ओळी काढून टाकण्यासाठी हाउसकीपर नावाची प्रक्रिया मूळ रचनेनुसार दर तासाला जागी होते. वरील उदाहरणात मुदत भरल्यावर तिला तासाला ४,६०,८०० ओळी पुसाव्या लागतात. डेटाबेसमध्ये ओळ पुसणे हे लिहिण्याइतकेच, किंबहुना अधिक जड काम आहे. दर तासाच्या ठरावीक मिनिटांना पृष्ठे संथ होत असतील तर संशयाची सुई प्रथम इकडे वळवावी. उपाय असा की तक्त्याचे दिवसागणिक वेगळे खंड करावेत. जुनी मुदत संपली की ओळी न पुसता तो खंडच काढून टाकता येतो. जुन्या नोंदवहीतील एकेक ओळ खोडण्याऐवजी ती वही रद्दीत देण्यासारखे हे आहे. २०१९ पासून झॅबिक्सने टाइमस्केलडीबी या काळानुसार खंड पाडणाऱ्या विस्ताराला पाठबळ दिले, तेही याच कारणासाठी.

संकटाच्या वेळी काय घडते?

बिघाडाच्या वेळी चार गोष्टी एकत्र येतात. पहिली, न बोलणारे उपकरण. चालू स्विच काही मिलिसेकंदांत उत्तर देतो. बंद स्विचच्या उत्तराची वाट मुदत संपेपर्यंत, म्हणजे कित्येक सेकंद, पाहावी लागते. इमारतीचा मुख्य दुवा तुटला की वीस स्विच एकदम मुके होतात आणि प्रश्न विचारणाऱ्या प्रक्रिया त्यांच्यासाठी ताटकळत बसतात. नागिऑसच्या ३ पूर्वीच्या आवृत्त्यांत यंत्रांची तपासणी एकामागून एक होत असे, त्यामुळे मोठ्या बिघाडात सारे कामच तुंबे. २००८ मधील ३.० या आवृत्तीपासून ती समांतर होऊ लागली. झॅबिक्समध्ये संपर्कात नसलेल्या उपकरणांसाठी वेगळ्या प्रक्रिया राखलेल्या असतात, आणि २०२४ मधील ७.० या आवृत्तीत एकाच प्रक्रियेने अनेकांची उत्तरे एकाच वेळी प्रतीक्षेत ठेवण्याची सोय आली.

दुसरी गोष्ट माणसांची. एरवी एक जण पाहत असलेले पृष्ठ बिघाडाच्या वेळी दहा जण उघडतात. पृष्ठ आले नाही की रिफ्रेशचे बटण दाबतात. ब्राउझर जुनी मागणी सोडून देतो. सर्व्हरवर ती बहुधा सुटलेली नसते. पीएचपीच्या कार्यक्रमाला वाचणारा निघून गेल्याचे कळते ते काही पाठवावयास गेल्यावर, आणि डेटाबेसला दिलेला प्रश्न तर उत्तर पूर्ण होईपर्यंत चालूच राहतो. अधीरतेने पाच वेळा दाबलेले बटण म्हणजे एकाच जड प्रश्नाच्या पाच प्रती होत.

तिसरी गोष्ट फारशी ध्यानात येत नाही, ती म्हणजे नावांचा शोध. आकडी पत्त्याऐवजी नाव दाखवावे म्हणून प्रणाली किंवा तिचा डेटाबेस डीएनएस सर्व्हरला विचारतो. तोच सर्व्हर बंद असेल तर लिनक्समध्ये प्रत्येक प्रयत्नास मूळ रचनेनुसार ५ सेकंद वाट पाहिली जाते आणि असे दोन प्रयत्न होतात. म्हणजे डीएनएस बंद पडला हे सांगण्यासाठी असलेले पृष्ठ डीएनएस बंद पडल्यामुळेच उघडत नाही. मायएसक्यूएलमध्ये नावांचा उलटा शोध बंद करणे आणि महत्त्वाच्या यंत्रांचे पत्ते निरीक्षण-सर्व्हरच्या स्वतःच्या फाइलमध्ये लिहून ठेवणे, या दोन बिनखर्चाच्या गोष्टी आहेत. पृष्ठ ज्या नेटवर्कवरून पाहावयाचे तेच तुटलेले असू शकते हेही ओघानेच आले. निरीक्षण-सर्व्हरच्या शेजारी एक थेट जोडलेला पडदा असावा तो यासाठी.

चौथी गोष्ट पीएचपीच्या सत्र-फाइलीची. एका पृष्ठावर बारा आलेख असतील तर ब्राउझर त्यांच्या मागण्या एकाच वेळी पाठवू शकतो. परंतु प्रत्येक मागणी त्या व्यक्तीची सत्र-फाइल उघडते आणि पीएचपीच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे काम संपेपर्यंत ती कुलूपबंद ठेवते. कार्यक्रम लिहिणाऱ्याने फाइल लवकर मोकळी केली नसेल तर बारा आलेख एकामागून एक येतात, आणि त्या वेळी सर्व्हरचा प्रोसेसर जवळजवळ रिकामा दिसतो. प्रोसेसर रिकामा आणि पृष्ठ संथ, हा गोंधळात टाकणारा अनुभव अनेकदा या कुलपामुळे येतो.

सरासरीने काय हरवते?

वेग वाढवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे जुन्या आकड्यांच्या सरासऱ्या करून ठेवणे. महिन्याचा आलेख मिनिटाच्या आकड्यांवरून काढल्यास ४३,२०० बिंदू लागतात. पडद्याची रुंदी १,२०० ठिपक्यांची धरली तर एका ठिपक्यावर ३६ बिंदू येतात. इतके बिंदू ब्राउझरकडे पाठवून त्यालाही दमवण्यात अर्थ नाही, हे उघड आहे. झॅबिक्स यासाठी प्रत्येक तासाचे किमान, सरासरी व कमाल मूल्य वेगळ्या तक्त्यात ठेवते. वरील उदाहरणात या ओळी दिवसाला १,८४,३२० इतक्याच होतात, म्हणजे मूळ ओळींच्या साठाव्या हिश्श्याइतक्या.

मात्र ही बचत फुकट नसते. १०० मेगाबिटची वाहिनी रोज दोन तास पूर्ण भरलेली आणि उरलेले बावीस तास १० मेगाबिटवर चालत असेल, तर दिवसाची सरासरी १७.५ मेगाबिट येते. वर्षाच्या आलेखात वाहिनी ८२ टक्के मोकळी दिसेल आणि क्षमता वाढवण्याचा प्रस्ताव नाकारला जाईल; त्या दोन तासांत ज्यांचा परीक्षा अर्ज भरला गेला नाही ते विद्यार्थी आलेखात कोठेच नसतील. सरासरीबरोबर कमाल मूल्य जपणे आणि आलेखात ते दाखवणे म्हणूनच अनिवार्य मानले पाहिजे. तेवढ्यापुरती जागा व वेळ द्यावी लागली तरी हरकत नसावी. आलेख वेगाने उघडला, पण चुकीचे सांगू लागला, तर तो संथ आलेखाहून घातक ठरतो.

निदानाचा क्रम

मंदगतीचे कारण शोधताना प्रथम विलंब कोणत्या टप्प्यावर आहे ते मोजावे. प्रत्येक आधुनिक ब्राउझरमध्ये विकसकांसाठीची साधने असतात. त्यांत मागणी पाठवल्यापासून पहिला बाइट येईपर्यंतचा वेळ आणि उर्वरित मजकूर उतरण्याचा वेळ वेगवेगळे दिसतात. पहिला बाइट उशिरा येत असेल तर दोष बहुतांशी सर्व्हरमध्ये असतो. बाइट लवकर येऊनही पडदा रिकामा राहत असेल, तर ब्राउझरवर लादलेले बिंदू व चित्रे तपासावीत. हीच चाचणी सर्व्हरवर बसून केल्यास मधल्या नेटवर्कचा वाटाही वेगळा होतो.

सर्व्हरमध्ये दोष आहे असे ठरल्यावर डिस्कच्या प्रतीक्षेचे प्रमाण पाहावे, नंतर डेटाबेसची संथ प्रश्नांची नोंद. येथे एक खाचखळगा आहे. मायएसक्यूएलमध्ये ही नोंद मुळात बंद असते, आणि सुरू केली तरी मूळ मर्यादा १० सेकंदांची असल्यामुळे आठ सेकंद खाणारा प्रश्न तिच्यात येतच नाही. मर्यादा एक सेकंदावर आणल्याखेरीज त्या नोंदीवर विसंबू नये. झॅबिक्समध्ये वापरकर्त्यांच्या गटासाठी दोषशोधन अवस्था चालू करता येते. मग प्रत्येक पृष्ठाबरोबर डेटाबेसला विचारलेले प्रश्न आणि प्रत्येकास लागलेला वेळ दिसतो. ही मापे दिवसाच्या दोन-तीन वेगळ्या वेळी, आणि शक्य तर एखादा स्विच मुद्दाम बंद करून, घ्यावीत. शांत दुपारी घेतलेले माप बिघाडाच्या सकाळबद्दल फारसे काही सांगत नाही.

एवढे झाल्यावर पुष्कळदा असे आढळते की खरा प्रश्न यंत्राचा नसून मागणीचा आहे. पुन्हा त्याच ९६० पोर्टांकडे पाहू. इमारतींना जोडणारे दुवे, सर्व्हरचे पोर्ट, इंटरनेटची वाहिनी असे ६० पोर्ट खरोखर महत्त्वाचे असतील तर त्यांच्या आठही बाबी दर मिनिटाला घ्याव्यात. सेकंदाला ८ मूल्ये होतील. उरलेल्या ९०० पोर्टांच्या, ज्यांच्या पलीकडे प्रयोगशाळेतील एकेक संगणक आहे, दोनच बाबी दर पाच मिनिटांनी घेतल्यास आणखी ६. एकूण १२८ च्या जागी १४. मिनिटांची मूल्ये १४ दिवस ठेवल्यास १,६९,३४,४०० ओळी व दीड गिगाबाइट. तासांची किमान, सरासरी व कमाल मूल्ये पूर्ण वर्षभर ठेवल्यास आणखी सुमारे १.८ गिगाबाइट. हे सर्व ४ गिगाबाइट मेमरीच्या साध्या संगणकातही बहुतांशी मेमरीत मावते.

ते ६० पोर्ट कोणते, हे मात्र संगणक विभागाला एकट्याने ठरवता येणार नाही. प्रश्नपत्रिका कोणत्या खोलीत उतरवल्या जातात हे परीक्षा विभागाला ठाऊक असते, प्रवेशाच्या दिवसांत कोणत्या खिडक्या उघडतात हे कार्यालयाला, आणि ग्रंथालयाचा सर्व्हर कोणत्या कपाटात आहे हे ग्रंथपालांना. ही यादी कागदावर लिहून घेण्यास एक बैठक पुरते, आणि दरवर्षी जूनमध्ये, नवे वेळापत्रक लागताना, ती पुन्हा पाहावी लागते.